साक्षीदार ‘अ’ यांचे नागरी स्वातंत्र्य

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात ज्यांचे नागरी स्वातंत्र्य सर्वार्थाने अबाधित राहिले आहे, असे गृहस्थ म्हणजे साक्षीदार ‘अ’ होत. त्यांच्या खालोखाल साक्षीदार ‘ब’ यांचा क्रम लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 56 अन्वये एखाद्याला तडीपार करायचे, म्हणजे जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दीबाहेर घालवायचे, तर साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत असे अधिकाऱ्याचे मत व्हावे लागते, आणि ते व्हावे म्हणून या दोघांचे जबाब ‘इन कॅमेरा’, अर्थात गोपनीय, नोंदवले जातात.

‘अ’ यांना नाव, वय, पत्ता, उलटतपासणी यांपैकी कशाचाच जाच नाही. त्यांची शैली मात्र पक्की आहे : घटना कोपरची असो, दिव्याची असो वा शहाडची, चाकू निघतो, खिशातील रोकड जाते, दुकाने पटापट बंद होतात आणि लोक सैरावैरा पळतात. ‘ब’ यांच्या जबाबातही दुकाने त्याच क्रमाने बंद होतात, फक्त रोकड थोडी कमी असते. संध्याकाळी सातच्या सुमारास, जेव्हा डोंबिवलीच्या फडके रोडवर पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायलाही जागा नसते, तेव्हा तेथे सैरावैरा पळण्याइतकी मोकळी जागा या लोकांना कोठून मिळते, याचा शोध नगररचनेच्या अभ्यासकांनी अवश्य घ्यावा.

उच्च न्यायालयाने मात्र अनेक निकालांत या सुखी जीवनात ढवळाढवळ केली आहे. जबाबांची वरिष्ठांनी खातरजमा केली काय, जुन्या गुन्ह्यांचा आजच्या आदेशाशी सजीव दुवा आहे काय, गुन्हे एका हद्दीतले असताना शेजारचे जिल्हे कशासाठी, असे अरसिक प्रश्न तेथे विचारले जातात. शिवाय देशभर मुक्त संचार करण्याचा अनुच्छेद 19(1)(ड) मधील हक्क पुढे येतो, आणि तडीपारी हा अपवादात्मक उपाय असून तो जपून वापरावा, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये बजावले आहे. आदेशात ठाण्याबरोबर मुंबई, रायगड आणि पालघर आले, की डोंबिवलीकराला कर्जत वर्ज्य होते, कसाराही ठाणे जिल्ह्यातच मोडते, आणि घाट चढून इगतपुरीला खोली पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तडीपार होणारे सगळेच संत नसतात, हे मान्य. परंतु शासनाकडे अपील, मग उच्च न्यायालयात याचिका, मग तारखा, या क्रमाने आदेश रद्द होईपर्यंत त्याची बरीचशी मुदत भोगून झालेली असते, नोकरी गेलेली असते, आणि ते दिवस परत देण्याचे कलम कोणत्याही अधिनियमात नाही. चुकीच्या आदेशावर सही करणाऱ्याला मात्र कोणी घाटापलीकडे धाडत नाही, ही निव्वळ निर्लज्ज व्यवस्था आहे. याच शहरांत नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि सहीनिशी उघड्या गटाराविषयी अर्ज करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला एक आवक क्रमांक मिळतो आणि पुढचे पावसाळे तो क्रमांक जपून ठेवतो. त्या शिक्षकाने यापुढे सही करूच नये. वरच्या कोपऱ्यात ‘अ’ लिहावे आणि गटारापाशी दुकाने पटापट बंद झाली, असे एक वाक्य न विसरता घालावे.