शिव्या घालायला कोणीतरी हवंच ना, बाप्पा!

ऐका, पण बाहेर बोलू नका. आपल्या महाल-धरमपेठेतल्या चतुर्थी करणाऱ्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या सोज्वळ बायका संध्याकाळी काय करतात माहीत आहे? टीव्हीवर नायिका रडायला लागली की कणीक भिजवायला उठतात. अन् खलनायिका आली की? गॅस बंद, कणीक तशीच, भरल्या हातांनी हॉलमध्ये हजर. नवऱ्यानं त्या वेळी पाणी मागितलं तर त्यालाच खलनायक ठरवतात. आता बोला!

दुसऱ्या दिवशीची चौकशी तर विचारूच नका. नायिकेचं काय झालं, तिच्या पोरांनी जेवण केलं की नाही, कोणी विचारत नाही. जिन्यात पहिला प्रश्न ठरलेला.

"काऊन वो वहिनी, पाह्यलं का काल? काय बोलून राह्यली होती ती बया!"

"हाव ना! मले तं असा राग आला, असा राग आला!"

"मग बंद काऊन नाही केला?"

"बंद? अन् पुढं ते काय करते, हे कसं कळंन?"

यालाच म्हणतात व्यसन. बरं, हा रोग आजचा नाही. याची साथ आमच्या शहरात उघड्यावर आली ती २०१६ साली. ऑगस्टात झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली अन् नायिका निघाली चक्क आपल्या नागपूरची. राधिका! एरवी मालिकावाले आपल्या बोलीला विनोदापुरतंच बोलावतात. इथं घरची सूनच आपल्या हेलात बोलत होती. राधिका झालेली अनिता दाते मूळची नाशिककडची, पण तोंडात बोली अशी बसवली की इतवारीतल्या मावशांनी तिचं माहेर शोधायला घेतलं असतं. अशा लेकीच्या मागं आपण सगळ्यांनी उभं राहायला हवं होतं की नाही?

राहिलो ना! तोंडानं राधिकेच्या मागं अन् डोळ्यांनी शनायाच्या मागं.

शनाया म्हणजे ती, जिनं आपल्या जावयाला, गुरुनाथला, पळवलं अन् वर त्याचा 'गॅरी' करून टाकला. लाडे लाडे बोलणं, कपड्यांना अंत नाही, खरेदीला तर मुळीच नाही. अन् सगळ्यांत भयंकर गुन्हा, जो ऐकून बायकांच्या पोटात गोळा आला: ती स्वयंपाक करत नाही. सकाळी उठून डबा नाही, दुपारी निवडण-टिपण नाही, संध्याकाळी "काय करू गं आज भाजीला?" नाही. चाळीस वर्षं डबे भरलेल्या एका काकूंनी तो भाग बघताना "काय बाई हे" म्हणून कपाळावर हात मारला. पण त्या हाताआडून बघत होत्या, हे मी पाहिलं. नुसता राग असता तर नजर फिरवता आली असती. तिथं रागाशिवाय दुसरंही काहीतरी शिजत होतं.

पुढचं प्रकरण तर आणखी रंगलं. २०१८ साली शनायाची भूमिका करणारी रसिका सुनील शिकायला अमेरिकेला गेली अन् तिच्या जागी ईशा केसकर आली. झालं! घराघरांत दोन पक्ष. "ही नाही जमत तशी", "उलट हिचाच ठसका भारी", असे वाद जावाजावांत, सासवासुनांत. २०२० मध्ये पहिली परत आली, तेव्हा हरवलेली भाची सापडावी तसा आनंद. नायिकेवर कोणी एवढं डोकं तापवलं का? राधिकेनं मसाल्याचा धंदा उभारून तीनशे कोटींची कंपनी काढली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र खो खो हसला. विनोदांचा नुसता पूर आला. म्हणजे कष्टाळू बाईला तीनशे कोटी मिळाले हे कोणाला पटेना. पण लाडीगोडीनं एक नवरा पळवला, हे मात्र सगळ्यांना पहिल्या दिवसापासून पटलं.

इथंच खरी मेख आहे. शनायाला काय हवं ते आपल्याला चटकन कळत होतं. आरामाची सकाळ, पैशाची ददात नको, लाड करणारं माणूस. यातलं पाप तिच्या मार्गात होतं, मागण्यांत नव्हतं. याच मागण्या आपल्यातल्या अर्ध्या जणींनी लग्नाआधी देवापुढं मांडल्या होत्या. फरक इतकाच की आपण मांडून गप्प बसलो अन् ती घ्यायला निघाली.

आता कामाचा हिशेब मांडा. नायिका दिवसभर काय करते? सहन. सकाळी सहन, दुपारी सहन, सणावारी नटूनथटून सहन. राबतं कोण? खलनायिका! 'ठरलं तर मग' मधली प्रियाच घ्या. दुसऱ्याची हरवलेली मुलगी म्हणून घरात शिरायचं, 'तन्वी' म्हणून वावरायचं, कोणाला काय थाप मारली ते लक्षात ठेवायचं, आठवणी आपल्या नसताना आठवायच्या, खरी मुलगी समोर वावरत असताना चेहरा शाबूत ठेवायचा. एवढी मेहनत पोरांनी दहावीला घेतली तर आईबापांना क्लासची फी भरावी लागणार नाही! अहो, गोष्ट पुढं ढकलतं कोण? नायिकेवर सोडलं तर पहिल्या आठवड्यात सगळे गुण्यागोविंदानं जेवून झोपले असते.

पुरुषमंडळींनी हसू नये. तुमचंही ठाऊक आहे. कोकणातल्या अण्णा नाईकांसाठी रात्री उशिरापर्यंत जागरणं कोणी केली? 'रात्रीस खेळ चाले' ही गोष्टच मुळी अण्णांच्या मरणानं सुरू झाली होती. पण असा माणूस नुसता भिंतीवरच्या फोटोत ठेवून भागतंय का? २०१९ साली दुसऱ्या पर्वात काळ मागं नेऊन अण्णांना जिवंत केलं. माधव अभ्यंकरांनी ते असे उभे केले की मालवणीचा गंध नसलेले आमचे सक्करदऱ्याचे काके मालवणी हेल काढायला लागले. तिसऱ्या पर्वात अण्णा अन् त्यांची प्रेयसी शेवंता भूत होऊन आले. सज्जन माणसाला मराठी मालिकेत इतक्या वेळा परत बोलावल्याचं तुमच्या ऐकिवात आहे?

अन् 'देवमाणूस'? किरण गायकवाडचा तो गोडबोल्या डॉक्टर! गावाच्या अडीअडचणीला धावणारा, म्हाताऱ्यांशी आपुलकीनं बोलणारा, अन् आतून पक्का खुनी. तिथं तर नायकाची भानगडच ठेवली नाही. खलनायकालाच मधोमध बसवला. लोकांनी तो पाहिला, वर पुढची पर्वंही मागून घेतली.

जुनी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी असं नव्हतं. नव्हतं कसं? तुमच्या वेळी निळूभाऊ होते! निळू फुले प्रत्यक्षात सेवादलाच्या मुशीतले, सामाजिक कामाला पदरमोड करणारे. पण पडद्यावर धोतराचा सोगा हातात घेऊन, मान तिरकी करून ते नुसतं बघायचे, की थिएटरातल्या बाया पदर सावरायच्या. ओरडणं नाही, थयथयाट नाही. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या 'सामना'त ते साखरसम्राट हिंदूराव धोंडे-पाटील होते. रस्त्यावर पडलेल्या दारुड्या मास्तरला हा माणूस वाड्यावर आणतो, खाऊ-पिऊ घालतो, अंगावर बरे कपडे चढवतो. लागूंचा मास्तर मात्र फिरून फिरून एकच विचारतो, त्या मारुती कांबळेचं काय झालं? अन् प्रत्येक वेळी पाटलाच्या पाहुणचाराला बारीकशी चीर जाते. तेंडुलकरांनी लिहिलेला अन् जब्बार पटेलांनी घडवलेला हा पाटील आपल्याला पटतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. असल्या पाटलाच्या पंगतीला आपण जेवलेलो असतो, दुसऱ्यांदा वाढूनही घेतलेलं असतं.

देशभर तरी काय वेगळं आहे? १९७५ च्या 'शोले'तल्या गब्बरनं अख्खं गाव लुटलं, ठाकूरचे हात तोडले. मग ग्लुकोज बिस्किटं विकायला ब्रिटानियानं कोणाला बोलावलं? ज्या गब्बरच्या नावानं आया पोरांना झोपवायच्या, तोच पोरांना बिस्किटं खा म्हणून सांगू लागला! अन् रामायणाचं ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. दूरदर्शनवर १९८७ साली सुरू झालेल्या मालिकेतले रावण, अरविंद त्रिवेदी, १९९१ साली गुजरातमधल्या साबरकांठ्यातून थेट लोकसभेवर निवडून गेले. सीताही त्याच वर्षी बडोद्यातून गेली. राम? अरुण गोविलांना मेरठहून निवडून जायला २०२४ उजाडलं. बाकी तुम्ही समजून घ्या.

तेव्हा "पिढी बिघडली" असं म्हणत जे लोक चौकाचौकात गळे काढतात, त्यांना मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात उभं करणार आहे. खलनायिकेचं वेड काय असतं ते तिथल्या मारबतींच्या, म्हणजे बाईच्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत बघा. काळी मारबत निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळ्या मारबतीची कथा काय सांगतात? भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईनं इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याचा हा राग. म्हणजे राज्य गेलं एकोणिसाव्या शतकात, अन् शिव्या अजून चालू! एवढी लांबलेली मालिका कोणत्या वाहिनीवर आहे सांगा.

आणि त्या रागाचा थाट तर बघा. बांबूच्या कामट्यांवर कागद चढवून घराएवढी बाई उभी करायची, तिला दागिन्यांनी मढवायचं, ढोलताशांत मिरवायची. काळी अन् पिवळी नेहरू पुतळ्याच्या चौकात समोरासमोर आल्या की गर्दीला उधाण येतं. पोरं खांद्यावर बसून बघतात, गच्च्या भरतात. अन् मग प्रत्येक जण आपापला त्रास तिच्या गळ्यात बांधतो: रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत! सोबत बडगे असतात ते वेगळे. त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा. पुढारी असो, भ्रष्टाचार असो की करोना, बडग्याला कोणी वर्ज्य नाही. शेवटी सगळं पेटवून द्यायचं अन् घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ करायची. दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच निगुतीनं नवी मारबत बांधायची. जिच्याशिवाय वर्ष जात नाही, तिला खलनायिका म्हणायचं की घरची?

आता एक तक्रार, अन् ही खरी आहे हो. हल्ली काही मालिकांत खलनायिकांची नुसती भरताड झाली आहे. कानठळ्या बसवणारं संगीत, एकच चेहरा तीन बाजूंनी तीनदा, भुवई वर, ओठ वाकडे, अन् डाव काय? तर झोपलेल्या आजोबांची स्टॅम्पपेपरवर सही घ्यायची! का? प्रॉपर्टी. कशासाठी प्रॉपर्टी? माहीत नाही. हिला पैसे मिळाले तर ही काय करणार, कुठं जाणार, सकाळी किती वाजता उठणार, काही पत्ताच नाही. ज्या बाईला नेमकं काय हवं ते तिच्या लेखकालाच ठाऊक नाही, तिच्यावर आम्ही राग तरी कसा धरायचा? राग फुकट येत नाही. त्याच्या मुळाशी थोडीशी ओळख लागते, थोडासा हेवाही लागतो.

उलट 'आई कुठे काय करते' मधला अनिरुद्ध बघा. ना चाकू, ना कट, ना गडगडाट. सरळ नोकरी करणारा गृहस्थ, ज्याला आपल्या बायकोनं, अरुंधतीनं, घरात काय काय केलं ते कधी दिसलंच नाही. मिलिंद गवळींनी तो इतक्या निरागस चेहऱ्यानं केला की त्याचे संवाद सुरू झाले की घरोघरचे नवरे एकाएकी मोबाईल तपासायला लागायचे. त्याच्यावर भाळून आलेली संजना पुढं त्याच घरात सून झाली अन् हळूहळू तिचीही अरुंधती व्हायला लागली, तेव्हा तिला शिव्या घालणाऱ्या बायका गपचूप तिच्या बाजूनं बोलू लागल्या. बघा, खलनायिकेला काय हवं होतं अन् काय मिळालं एवढं नीट दाखवलं, की शिव्यांची धार कुठल्या कुठं वळते.

तर लेखक मंडळी, आमच्या जिन्याचं म्हणणं असं आहे. नायिकेला आणखी रडवू नका, तिच्या डोळ्यांत आता पाणी उरलेलं नाही. खलनायिकेला कपडे दिलेत, फ्लॅट दिलात, भुवया दिल्यात; आता थोडी अक्कलही द्या. तिला एक खरी इच्छा द्या, दिवसाचं काम द्या, अन् एखादं असं वाक्य द्या की ते ऐकून आम्ही "हे तर बरोबर बोलली" म्हणू अन् लगेच जीभ चावू. तेवढं तुमच्याकडून करा. शिव्यांची चिंता तुम्ही करू नका. नागपुरात त्यांचा तुटवडा पडल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही.