पोट दुखतंय, पण योजनेत बसतंय का?

अभिनंदन! वाशिमातल्या एका दवाखान्याने तुम्हाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आहे. भरती झालेल्या पेशंटचा योग्य प्रोसिजर कोड निवडायचा, एवढंच काम. शरीरशास्त्र येत नसेल तर उत्तमच, विसरायला वेळ जाणार नाही.

१. पेशंटकडे नको, यादीकडे पाहा. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने ही योजना सुरू झाली तेव्हा यादीत हजारभरही उपचार नव्हते, २०२४ मध्ये ते १,३५६ झाले. माणसाला याहून जास्त प्रकारे आजारी पडता येतं, पण तो त्याचा हट्ट.

२. रिसोडकडचे काका म्हणतील, "पोट लय दुखून राह्यलं जी." ही तक्रार झाली, आजार नव्हे. तक्रारीला कोड नसतो. सोनोग्राफी होऊ द्या. खडा निघाला की मोकळेपणाने हसा, खड्याला कोड आहे! काका घाबरतील, त्यांना सांगा, "नशीबवान आहात, योजनेत बसता."

आता बारकावे. खडा मूत्रपिंडात की नळीत? दुर्बिणीने काढणार की पोट उघडून? डावा की उजवा? बाजू चुकवू नका. खडा डावीकडे आणि रिपोर्ट उजवीकडचा जोडला की मंजुरी देणाऱ्यांची क्वेरी आलीच. काका रात्रीपासून उपाशी आहेत हे क्वेरी पाठवणाऱ्याला कळवायला रकाना नाही.

३. पॅकेजच्या रकमेकडे आधी पाहायचं नाही, हा नियम. (सगळे आधी तिथेच पाहतात.) औषधं, तपासण्या, जेवण सगळं त्या एका रकमेत उरकायचं असतं, त्यामुळे शेजारच्या ओळीतला जरा गुबगुबीत कोड डोळे मिचकावू लागतो. त्याला कागदपत्रंही जास्त लागतात, तेवढीच त्याची लाज. आणि काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांना राखीव आहेत. तुम्ही खासगीत असाल आणि काकांचं दुखणं नेमकं त्यातलं निघालं, तर दुखण्याला दोष द्या. त्याने पत्ता विचारूनच यायला हवं होतं.

४. आजार सिद्ध करणं सोपं, माणूस सिद्ध करणं अवघड. रेशन कार्डावर 'गंगुबाई', आधारवर 'गंगाबाई'. पोटात गाठ एकच असली तरी बायका दोन झाल्या! दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, तो शांतपणे आणखी एक कागद मागेल. जुने लोक सांगतील, पूर्वी पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला योजना मिळायची ती फक्त शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांत. वाशिम त्यातलंच. तेव्हा सातबारा लागायचा. पित्ताशय काढायला आधी वावर दाखवा! १ जुलै २०२४ पासून मात्र कार्डाचा रंग कुठलाही चालतो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. सातबारा घरी ठेवा, तो दुसऱ्या दुखण्यांना लागतो.

५. मन खचलं तर पुण्यात बसून अमेरिकेतल्या पेशंटांचे कोड लावणाऱ्या आपल्या मुलामुलींची आठवण काढा. तिकडे भरती पेशंटच्या प्रोसिजरला १ ऑक्टोबर २०१५ पासून सात अक्षरी कोड लागतो आणि असे कोड ७० हजारांहून जास्त आहेत. एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून त्यात आय आणि ओ ही अक्षरंच ठेवलेली नाहीत. अवयव अख्खा काढला तर तिसरं अक्षर टी, तुकडा काढला तर बी. अपेंडिक्स पोट उघडून काढलं तर पाचव्या जागी शून्य, दुर्बिणीने काढलं तर चार. आपल्या काकांना निदान इंग्रजी बाराखडी तरी लागत नाही.

६. मंजुरी आली की फोटो काढा. चेहरा स्पष्ट हवा, आणि पेशंट हसता कामा नये.

सुट्टीच्या दिवशी काका दाराशी घुटमळतील. "साहेब, डाव्या बाजूचं गेलं जी. आता उजवीकडे दुखून राह्यलं."

नवी केस उघडा. रेशन कार्ड पुन्हा मागा.