आप्पांचा साडेचार फुटी लेथ

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, मग भोवरे, मग पाय उचलून टाप. आप्पा सुरतजवळच्या उधन्यात, भंगाराच्या ढिगात, जुना लेथ असाच बघतात. आधी गिअरचे दात. मग चकाजवळ बेडवर नख फिरवून झीज. कारण बहुतेक काम तिथेच होतं आणि कॅरेज जन्मभर त्याच हातभर जागेत येरझाऱ्या घालते. मग चकात सळई आवळून ती वर-खाली हलवायची, म्हणजे बुश किती खाल्लाय ते कळतं. विकणाऱ्याने कालच हिरवा रंग मारलेला असतो. रंग ताजा म्हणजे दुखणं जुनं, हे आप्पा जाणतात. आणि तरीही घेतात.

आप्पा हे कुणा एकाचं नाव नव्हे. शहादा-तळोद्याच्या बागायती पट्ट्यात हा वाण अधूनमधून उगवतो. कुणी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर, कुणी विज्ञानाचे सर, कुणी केळी-पपईचा बागायतदार. नवा लेथ परवडला तरी यातला कुणी घेणार नाही. नव्यात दुरुस्त काय करायचं?

चार-पाचशे किलोंचं ते धूड छोट्या हत्तीत चढतं आणि सोनगड, नवापूर, विसरवाडी, नंदुरबार करत प्रकाशाला तापी ओलांडतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं गुजरातेत, निम्मं महाराष्ट्रात. आप्पांचा लेथही त्या घडीला तसाच असतो, निम्मा यंत्र, निम्मा भंगार. सीमा नेमकी कुठे, हे त्यांनी विचारायचं नसतं. घरी विचारलं जातं.

‘हाई कसाले?’

उत्तरादाखल आप्पा इतिहास काढतात. 1800 च्या सुमाराला लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने अचूक आटे पाडणारा लेथ केला, तेव्हा कुठे नट-बोल्ट एकमेकांना ओळखू लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळावर किर्लोस्करवाडी वसवली. 1941 मध्ये म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि हरिहरला लेथ होऊ लागले. 1953 मध्ये बंगळुरात एचएमटी आली. ‘सगळ्या यंत्रांची आई आहे ही!’ असं म्हणून आप्पा थांबतात. मोरीचा नळ चार महिन्यांपासून गळतोय, याची आठवण नेमकी याच वेळी करून दिली जाते.

खरी मौज गंजाची. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावूनही गंज निघतो, पण ऊस पिकवणाऱ्या तालुक्यातला माणूस मळीकडेच वळणार. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, आणि त्यात टेलस्टॉक पंधरा दिवस बुडवून ठेवायचा. मळीतली द्रव्यं गंज हळूहळू विरघळवतात आणि खालच्या चांगल्या लोखंडाला सहसा धक्का लावत नाहीत. ॲल्युमिनियमला मात्र ती खातात. ही माहिती आप्पांना एक हँडव्हील गमावून मिळाली. आठव्या दिवशी पिंपावर फेस येतो, माश्या येतात आणि आंबूस वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. नववा दिवस कुजबुजीचा. आप्पांनी या वयात हातभट्टी लावली म्हणे! दोघे-तिघे तर काखेत ग्लास लपवल्यासारखे चौकशीला येऊन जातात. त्यांना टेलस्टॉक दाखवला जातो.

मोटारीचं त्या मानाने लवकर आटोपतं. ती थ्री फेज, घरातली वीज सिंगल फेज. एक एचपीच्या मोटारीची जोडणी स्टारची डेल्टा करायची, मध्ये सिंगल फेजची थ्री फेज करून देणारा व्हीएफडी बसवायचा, झालं. आता गोल बटण फिरवलं की वेग कमी-जास्त होतो. पहिला आठवडा आप्पा फक्त बटण फिरवतात.

मग बेड. निळा रंग लावून सरफेस प्लेटशी ताडायचं, उंचवटे निळे उमटतात, तेवढेच हाताने खरवडायचे. एका फटकाऱ्यात दोन-चार मायक्रॉन. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. संध्याकाळी आप्पांचे कानसुद्धा निळे. एवढं करून चाचणीची सळई कातली, तर एका टोकाला दहा शतांश मिलिमीटर जाड! म्हणजे टूल फक्त पाच शतांशच सरकलंय, कारण व्यासात चूक दुप्पट दिसते, असं ते स्वतःची समजूत घालतात. दोष बेडचा नव्हे, फरशीचा निघतो. एका पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवल्यावर बेडचा पीळ जातो आणि सळई सरळ येते. त्या दिवशी घरात शिरा होतो.

या लेथवर आजवर काय काय तयार झालं? लेथचं हँडल. लेथच्या गिबचे स्क्रू. लेथचा टूलपोस्ट. लेथला तेल घालायची पितळी नळी.

अशात पुतण्या फवारणी पंपाचा झिजलेला बुश घेऊन येतो. पपईवर रोग पडलाय, पंप आजच हवा. ‘काका, एवढा एक काढून द्या.’ हेडस्टॉक अर्थातच खोललेला असतो. आप्पांना त्यात किंचित आवाज वाटला होता. मग आप्पाच तो बुश खिशात घालून दोंडाईचा रस्त्यावरच्या लेथवाल्याकडे जातात. तिथला पोरगा कुरळी बर उडवत, डायलकडे न बघता, दहा मिनिटांत बुश कातून देतो. तो चपखल बसतो. आप्पा पैसे देतात आणि निघताना, पोरग्याचं लक्ष नाही असं पाहून, चकाजवळ बेडवर नख फिरवतात.

‘काढायचा झाला,’ ते हळूच म्हणतात, ‘तर आधी मला सांगजो.’