नागाव नेमके कोणते?

कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये एखाद्या नावावर टिचकी मारली असता ते नाव मुळात जिथे ठरवले गेले त्या ओळीवर नेण्याची सोय असते. हिला 'व्याख्येकडे जाणे' म्हणतात, आणि ती कधी पोहोचवते व कधी नुसतीच उतरवून देते, हे समजण्यास रायगडच्या किनाऱ्याइतके सोयीचे पाठ्यपुस्तक नाही. या किनाऱ्यावर नागावे दोन आहेत, एक अलिबाग तालुक्यात, दुसरे उरण तालुक्यात. तरीही अलिबागच्या एसटी स्थानकात नागावची गाडी विचारणाऱ्याला कोणी उरणची वाट दाखवत नाही, कारण प्रश्न कुठे उभे राहून विचारला आहे हे ऐकणाऱ्याला दिसते. सीटॅग्ज या युनिक्सच्या काळातील साधनाला ते दिसत नाही. ते फाइली चाळून नावांची सूची करून ठेवते, विचारताच दोन्ही नागावे पुढे मांडते, आणि सूची शिळी असेल तर जिथे आता काहीच उरलेले नाही अशा ओळीवर नेऊन सोडते.

२०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला, म्हणजे एडिटरने नुसते विचारायचे आणि त्या भाषेच्या जाणकार प्रोग्रामने उत्तर द्यायचे, अशी बोली ठरली. मात्र प्रकल्प मोठा असला की हा जाणकार आधी सगळा तालुका पायी हिंडून येतो. शब्द आपोआप पुरा करणारी यादी तर त्याहून उतावळी: 'मुरुड' लिहायला 'मु' टंकताच ती 'मुंबई' सुचवते, आणि नव्या ओळीसाठी दाबलेले एंटर हाच होकार धरते. (मुरुडे दापोलीकडेही आहेत नि लातुरातही, म्हणून लोक 'मुरुड-जंजिरा' म्हणतात, नावामागे ठिकाण जोडण्याची ही युक्ती प्रोग्रामरांनाही फार पुढे सुचली.)

नाव बदलण्याचे काम सर्वांत नाजूक. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. हेच काम 'शोधा आणि बदला' या आज्ञेवर सोपवले असते तर अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला, मुंबईतला कुलाबा आणि येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामच्या उपद्रवाच्या धास्तीने जिचे चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागेस हलवावे लागले ती कुलाबा वेधशाळा, हे सारे एका फटक्यात रायगड झाले असते. शासनाने जिल्ह्यापुरतेच नाव बदलले, हे कोणत्याही एडिटरने शिकावे असे. फक्त नवे नाव आधीच एका किल्ल्याने घेतलेले होते, त्यामुळे रायगडास जायचे म्हणून जिल्ह्याचे ठाणे असलेल्या अलिबागेत उतरणाऱ्याला गड महाड तालुक्यात आहे हे स्थानकावरच कळते.