घाऊक तारेपुरवठादारांस अनावृत पत्र

टेलिग्रामवरील घाऊक तारेपुरवठादार महोदय यांस,
कोल्हापूरच्या एका चप्पलविक्रेत्याचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपले नवे दरपत्रक मिळाले. नुसते पाच तारे हवे असतील तर एक दर, सोबत मजकूर हवा तर दुसरा, फोटो जोडायचा तर तिसरा. सर्वांत तळाला, काहीशी लाजत, 'शेजारच्या दुकानाला एक तारा' ही सेवाही बसली आहे, गुप्ततेच्या हमीसह. खानावळीच्या फळ्यावरसुद्धा इतका नेटका हिशेब नसतो. पण त्याखाली बारीक अक्षरांत आपण कळवता की, नव्या पॉलिसीमुळे रिव्ह्यू टिकून राहण्याची गॅरंटी यापुढे देता येणार नाही. ते वाचून जीव हळहळला. ज्यांनी आयुष्यात चामडे हातात धरले नाही, त्यांच्याकडून चामड्याची तारीफ लिहून घेणारा माणूस म्हणजे काही साधा व्यावसायिक नव्हे. अशा माणसाच्या पोटावर साऱ्या जगाने एकाच वेळी पाय द्यावा?

साऱ्या जगाने म्हणतो, ते उगाच नाही. अमेझॉनने 2015 साली अमेरिकेत हजाराहून अधिक लोकांवर दावा लावला. पाच-पाच डॉलरला रिव्ह्यू लिहून देण्याच्या जाहिराती ते उघड करत होते. पुढच्याच वर्षी 'माल फुकट घ्या, रिव्ह्यू द्या' ही प्रथा तिथे बंद झाली. 2022 साली तर दहा हजारांहून अधिक फेसबुक ग्रुप चालवणाऱ्यांना कंपनीने कोर्टात खेचले. आपल्याकडे 2020च्या ई-कॉमर्स नियमांत स्वच्छ लिहिले आहे की, विक्रेत्याने स्वतः ग्राहकाचे सोंग घेऊन रिव्ह्यू टाकू नये. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने खास ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000:2022 हे मानक काढले. विकत घेतलेले रिव्ह्यू त्याला चालत नाहीत आणि लिहिणारा माणूस खरा आहे की नाही, हे तपासायच्या रीतीही त्यात दिल्या आहेत. ते ऐच्छिक होते म्हणून आपण निर्धास्त होतात. पण 2024 मध्ये ते सक्तीचे करण्याची हालचाल सुरू झाली. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला, ज्यात एकेका उल्लंघनामागे पन्नास हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो. एप्रिल 2025 पासून ब्रिटनमध्येही खोट्या रिव्ह्यूंवर कायद्याने बंदी आली. आपण राहायला जाल असा देश आता भराभर कमी होत चालला आहे.

विक्रेते मंडळी या नियमांवर चिडतात. मला मात्र ते वाचताना अभिमान वाटतो. यातले एकही कलम कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेले नाही. प्रत्येकामागे आपल्यापैकीच कुणाची तरी प्रतिभा आहे. कुणीतरी आधी ती युक्ती शोधली, दुसऱ्याने उचलली, हजारांनी वापरली आणि मग कुठे तिच्यावर बंदी आली. रिव्ह्यूचे धोरण म्हणजे आपल्या समस्त विक्रेत्यांचे समग्र वाङ्मय आहे. ते दर काही महिन्यांनी बदलते, कारण आम्ही लेखनात खंड पडू देत नाही.

उदाहरणार्थ, पार्सलमधले ते गोंडस कार्ड. 'पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास रुपये मिळवा.' हे बंद झाल्यावर आपणच आम्हाला सुधारित आवृत्ती छापून दिलीत : 'आवडले तर इथे रिव्ह्यू द्या, नाही आवडले तर आधी आम्हाला व्हॉट्सअॅप करा.' किती माणुसकीची भाषा! माझ्या ओळखीच्या कित्येक दुकानदारांना आजही वाटते की यात पैसे नाहीत, म्हणजे यात काही गैर नाही. पण खूश माणसाला समोरच्या दाराने आणि चिडलेल्याला मागच्या दाराने पाठवणे हीसुद्धा गाळणीच, आणि अमेझॉनच्या नियमांत ती बसत नाही. परतावा देतो, तेवढा तो रिव्ह्यू काढा, अशी गोड विनंतीही बसत नाही. रिव्ह्यू मागायला बंदी नाही. तो सगळ्यांकडे, सारख्याच शब्दांत आणि काही देऊ न करता मागायचा, एवढेच. अमेझॉनवर त्यासाठी विक्रेत्याला एक बटणही आहे. माल पोचल्यापासून पाचव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत ते दाबता येते आणि मजकूर कंपनीच पाठवते. त्यात आपल्या प्रतिभेला वाव नाही, हे खरे.

चामड्याची चप्पल घेणाऱ्याला पाचव्याच दिवशी विचारण्यात मात्र शहाणपण नाही. कोल्हापुरी नवी असताना चार दिवस चावते, हे ज्याला माहीत नाही तो त्या चार दिवसांतच एक तारा टाकून मोकळा होतो. म्हणून मी उशिरा विचारतो. कार्डही ठेवले आहे, पण त्यावर ताऱ्याचा 'ता'सुद्धा नाही. पावसात घालू नका, भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, आणि येणारा वास केमिकलचा नसून बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा आहे, एवढेच त्यावर लिहिले आहे. या कार्डाला अजून कुठल्या धोरणाने हात लावलेला नाही.

आता आपल्या दुसऱ्या सेवेविषयी. 'जुन्या लिस्टिंगचे तारे नव्या मालाला जोडून मिळतील.' म्हणजे चामड्याच्या जोडाने कमावलेले रिव्ह्यू रेक्झिनच्या जोडाखाली दिसतील. अमेरिकेत जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल कंपनीने असाच संसार मांडला होता. वेगवेगळा माल एकाच लिस्टिंगमध्ये घालून नव्याला जुन्याचे तारे लावले, आणि 2023 साली तिला सहा लाख डॉलर मोजावे लागले. आपल्या कृपेने जोडलेल्या एका लिस्टिंगवर मी स्वतः 'चप्पल छान आहे, बॅटरी दोन दिवस टिकते' असे वाचले आहे. कोल्हापुरी चप्पल इतकी पुढे गेल्याचे मला ठाऊक नव्हते. रंग आणि माप वेगळे असले तर एकाच लिस्टिंगमध्ये ठेवावेत. चामडे बदलले, तळ बदलला की नवी लिस्टिंग काढून शून्यापासून सुरुवात करावी. शून्य बघवत नाही हे मान्य, पण त्यावर दंड तरी नाही.

तारे आटले की विक्रेत्याला हमखास आठवतात ते नातेवाईक. मामा, मेहुणा, चुलतबहीण, सोसायटीचे सेक्रेटरी. अमेझॉनच्या नियमांत घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यूही वर्ज्य आहेत. मेहुण्याने कधी नव्हे ते तारीफ करावी आणि तीही नियमाविरुद्ध ठरावी, यात आपला काही दोष नाही, पण दुःख आहेच.

एक गोष्ट आपल्या बाजूनेही बोलतो. फुकट माल देऊन रिव्ह्यू घेणे विक्रेत्याला वर्ज्य, पण तेच अमेझॉन 2007 पासून वाइन या योजनेतून करते. रिव्ह्यूवर तशी खूण असते आणि काय लिहायचे ते विक्रेता सांगू शकत नाही, हा फरक मोठा आहे. तरी पण हिशेब दुकानाचा आणि वजनकाटा मॉलमालकाचा, हे आम्हाला खुपतेच. माझ्याही एका लिस्टिंगवरचे खऱ्या गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू एका रात्रीत गायब झाले होते. विचारणा केली तर दर वेळी तेच उत्तर आले, तेही शब्दशः. कुठली कंपनी ते सांगत नाही. सगळ्यांचे उत्तर सारखेच असते. तेव्हापासून ऑर्डरची नोंद, रिव्ह्यूचा मजकूर आणि महिन्याचे रेटिंग मी स्वतःच्या वहीत उतरवून ठेवतो. तारे त्यांच्या घरात राहतात, कधीही उठून जातील. वही माझी आहे.

तर आपली जागा मी कुणाला दिली, ही उत्सुकता आपल्याला असेल. आपण ज्यांना आयुष्यभर गाडत आलात, त्या दोन आणि तीन ताऱ्यांना. पाच ताऱ्यांतून मला काही कळत नाही. 'एक नंबर' हे वाचून मी कारागिराला काय सांगू? पण 'अंगठा घट्ट, टाच बाहेर' हे चार शब्द त्याच्या पुढ्यात ठेवता येतात. असे बरेच जमल्यावर लक्षात आले की लोक बुटाचे माप सांगतात आणि कोल्हापुरी बसते पावलाच्या लांबीवर. मग लिस्टिंगमध्ये नंबरासोबत सेंटिमीटर दिले, कागदावर पाऊल ठेवून रेघ कशी मारायची त्याचा फोटो टाकला. परत येणारी पार्सले कमी झाली. हल्ली कंपन्यांची यंत्रेच सगळे रिव्ह्यू वाचून वर दोन ओळींचा सारांश लावतात. 'माप लहान येते' ही तक्रार वारंवार आली की ती थेट त्या सारांशात जाऊन बसते. तिथून तिला खाली ओढायला आपले शंभर तारेही पुरणार नाहीत, कारण आपल्या माणसांच्या मजकुरात मापाचा उल्लेखच नसतो.

सगळे एक तारे प्रामाणिक असतात असे नाही. 'चप्पल चालताना आवाज करते' म्हणून एकाने माल परत केला. अहो, करकर वाजावी म्हणून तळात बी घालून मुद्दाम करवून घेतलेला जोड तो! आमच्याकडे त्या आवाजाचे जादा पैसे पडतात. त्या गिऱ्हाइकाशी वाद न घालता मी लिस्टिंगच्या पहिल्याच ओळीत 'करकर वाजणारी' असे लिहिले. आता तीच ओळ वाचून लोक मागवतात. 'कुरिअरवाला उद्धट होता', 'खोका चेपला होता' असले रिव्ह्यू मालाबद्दल नसतातच. अमेझॉनच्या नियमांप्रमाणे डिलिव्हरीची गाऱ्हाणी मालाच्या रिव्ह्यूत बसत नाहीत. 'रिपोर्ट' करून ती काढायची विनंती करता येते. ती मी करतो, पण मालाची खरी तक्रार असेल तिथे त्या बटणाला बोट लावत नाही.

शेवटी आपण सुचवलेत की, स्वतःची वेबसाइट काढा आणि तिथे हवे ते तारे लावा. कल्पना मोहक आहे. फॅशन नोव्हा या अमेरिकन कपडेवाल्यांनी आपल्या साइटवर चारपेक्षा कमी तारे दिसूच दिले नव्हते. 2022 मध्ये बेचाळीस लाख डॉलर भरून मोकळे झाले. वेबसाइट मी काढतो आहे. तिथले रिव्ह्यू सांभाळण्याची जबाबदारी, भारतीय मानकाच्या हिशेबाने, माझीच असेल. तेव्हा करकरवाल्याचा एक ताराही तिथे राहील, खाली माझ्या उत्तरासकट.

हे पत्र माझे जे विक्रेते बंधुभगिनी वाचत असतील त्यांना एक विनंती. धोरण बदलल्याची मेल आली की ती न उघडता ग्रुपवर 'आता काय करायचं?' असे विचारू नका, कारण तिथे उत्तर द्यायला हे महोदयच बसलेले असतात. मेल उघडा, आपल्या मालाला लागू पडते तेवढे कागदावर उतरवा, पार्सलमधले जुने कार्ड त्याच दिवशी काढून टाका. आणि उरलेली कार्डे वाया जातात म्हणून 'एवढी संपू देत' असे म्हणू नका. खाते बंद झाले तर दिवाळीचा हंगाम त्या कार्डांच्या भावात जातो.

महोदय, दरपत्रक साभार परत. शेजारच्या दुकानाला एक तारा द्यायची सेवाही नको. त्याच्याकडचा कापशी जोड खरोखरच चांगला असतो, आणि माझ्याकडे माप नसले की मी गिऱ्हाइकाला त्याच्याकडेच पाठवतो.

कळावे, लोभ आटोक्यात असावा.

आपला,
तीन ताऱ्यांचा नियमित वाचक

ता. क. आपल्या सेवेखाली आपल्या ग्राहकांचे जे अभिप्राय लावले आहेत, ते सगळे पाच ताऱ्यांचे आहेत आणि प्रत्येकात 'विश्वसनीय' हा शब्द एकाच पद्धतीने चुकला आहे. तेवढे दुरुस्त करून घ्यावे.