दिवे घाटातून मोक्षाकडे: नवशिक्यांसाठी सूचना

ज्यांना रोजच्या जगण्यात अध्यात्म सापडत नाही, पण खेड्याच्या वाटेवर ते पडलेलं असेल अशी दाट शंका आहे, त्यांच्यासाठी पुणे ते सासवड हा वारीचा एक दिवसाचा टप्पा सोयीचा आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, पुण्यात मुक्काम करते आणि बहुधा एकादशीला दिवे घाट चढून सासवडला पोचते. तिथून पंढरपूर आणखी दोन आठवडे. पण तो ज्यांना रजा मिळते त्यांचा प्रश्न.

साहित्य: पांढरा झब्बा, टोपी, पॉवर बँक, गुडघे (दोन्ही). झब्बा आदल्या दिवशी घेतलेला असल्यास घड्या मोडून घ्याव्यात. दुकानातल्या टाचणीसकट वारीला आलेले साधक पाहण्यात आहेत. बुटांवर फार खर्च करू नये. वाटेत फुकट चपला शिवून देणारे बसलेले असतात, फुकट दाढी करणारे आणि पाय चेपणारेही असतात. पैकी पाय चेपून घेण्याचा मोह हडपसरलाच होईल. तो आवरावा. शेजारी बसलेली बाई परभणीकडून आलेली असण्याची शक्यता आहे.

चालताना कुठे चालायचं हे आधी समजून घ्यावं. पालखीचा सोहळा म्हणजे गर्दी, असं लांबून वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की हे प्रकरण लष्करी शिस्तीचं आहे, आणि ती शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली आहे. पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला नंबर. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकरी, त्यांच्यात मृदंगी आणि विणेकरी, मागे डोक्यावर तुळस नाहीतर पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. या ओळींत मधेच शिरून हात वर करू नयेत. आपण कडेने चालावं. भजनाचा क्रमही ठरलेला असतो, सकाळच्या भूपाळ्यांपासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत. तेव्हा सिनेमात ऐकलेल्या अभंगाची फर्माईश करू नये. एक मृदंगी मान न वळवता नुसत्या भुवईने नकार देतो, तो फार लागतो.

विणेकऱ्याकडे मात्र लक्ष ठेवावं. वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून उतरली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. सगळं चालता चालता होतं. नवशिका बहुधा त्या वेळी केळं सोलत असतो.

पाया पडण्याचा विषय निघालाच आहे तर नीट सांगितलेलं बरं. इथे कोणीही कोणाच्याही पाया पडतो. सत्तरीचा म्हातारा समोर येतो, ‘माउली’ म्हणतो आणि तुम्ही काही बोलायच्या आत खाली वाकतो. ‘अहो, अहो, काय करताय’ असं म्हणत मागे सरकणं हा शहरी उपाय आहे आणि तो मागच्याच्या पायावर पाय देऊन संपतो. योग्य रीत एवढीच, की त्याच्याआधी आपण वाकायचं. हे जमत नाही. तो अख्खी हयात वाकून काम करत आलेला असतो, आपण खुर्चीतून आलेलो असतो. (गुडघे दोन्ही आणा, असं वर म्हटलं ते यासाठी.)

एकादशीचं भान असू द्यावं. वडापावची गाडी दिसली तरी नजर खाली ठेवून पुढे जावं. साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू इतक्या आग्रहाने हातात पडतात की मस्तानी तलावापाशी पोचेपर्यंत उपवासाचं अजीर्ण होतं. त्याच पोटाने घाट चढायचा आहे. रथाला इथे जादा बैलजोड्या लावतात. तुम्हाला लावत नाहीत.

आता मुख्य भाग: अनुभूती. घाटाच्या वळणावर खाली पाहिलं की पताका, टोप्या, तुळशी, मधे रथ, असं दृश्य दिसतं आणि घशात काहीतरी येतं. ते येऊ द्यावं, त्याची टर उडवायचं कारण नाही. फक्त ते आल्याबरोबर शेजारच्या वारकऱ्याला ‘बाबा, तुम्हाला वारीत काय मिळतं?’ असं विचारू नये. वर्तमानपत्रवाल्यांनी हा प्रश्न विचारून विचारून म्हातारी माणसं बेजार केली आहेत. तो बाबा त्या वेळी काय करत असतो ते पाहावं. फोन कानाला घट्ट दाबून, टाळांच्या वर आवाज काढत तो घरी बोलत असतो: “आरं, वापसा आल्याबिगर तिफण घालू नगंस. दुबार पेरायची पाळी आली तर बियाणं कुठनं आणायचं?” मग फोन बंडीच्या खिशात, टाळ हातात, आणि अभंगाचं जे चरण चालू असेल ते तिथून पुढे. आषाढी वारी नेमकी पेरणीच्या दिवसांत येते. ज्याचं सगळं पावसावर, तो पाऊस येण्याच्या सुमाराला घर सोडून चालतो. या गोष्टीचा अर्थ लावण्यात घाटाची दोन वळणं सहज जातात. तेवढ्यात बाबाच तुमच्याकडे वळून विचारतो, “माउली, पाणी कुठं मिळतंय?” तेव्हा आपली बाटली द्यावी. चर्चा करू नये.

‘इथे सगळे एक आहेत’ हे वाक्य घाटमाथ्यावर सुचतं आणि लगेच फोटोखाली टाकलं जातं. थोडं थांबावं. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांनाही भारावायला झालं होतं, पण एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होतात हेही त्यांनी लिहून ठेवलं. पंढरपुरात संत चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. दलितांना विठ्ठलाचं दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. फोटो टाकायचाच असेल तर टाकावा. खाली नुसतं ‘दिवे घाट’ लिहावं.

सासवडला पोचल्यावर पाय जे म्हणतील ते ऐकून लगेच परतीची गाडी पकडू नये. मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते, ती चुकवली तर दिवस वाया गेला असं खुशाल समजावं. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि सगळा तळ गप्प होतो. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, काय झालं ते ऐकून घेतो. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा. मग आरती. तक्रारनिवारण आणि हरवलेला चष्मा यांच्यानंतर परमेश्वराचा नंबर लावणारी ही व्यवस्था मला कुठल्याही प्रवचनापेक्षा पटते.

घरी परतल्यावर ‘कामातच देव’ हा प्रयोग करण्याची लहर येते. संतांनी तो केलेला आहे. सावता माळी अरणच्या मळ्यातच राहिले आणि विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असं सांगतात. जनाबाईंना तो दळू लागायचा. यावरून भांडी घासताना उजेड पडेल अशी अपेक्षा धरून बसू नये. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या, जातं ओढणं हा त्यांचा छंद नव्हता. तुम्ही भांडी घासावीत, कारण ती साठलेली आहेत. घरातल्यांना यातला चमत्कार तुमच्याआधी दिसेल.

पुढच्या वर्षी पूर्ण वाट चालायची इच्छा टिकली, तर दिंडीच्या भिशीसाठी आधीच नाव नोंदवावं. जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे भरावे लागतात. वही घेऊन बसलेल्या माणसाला आपला आंतरिक प्रवास सांगू नये, मागे रांग असते. तो नाव, गाव, फोन नंबर लिहून घेतो आणि मान वर न करता विचारतो, “तंबूत झोपणार का ट्रकखाली?”