साध्या आयुष्याचा सर्च रिपोर्ट

पोर्तुगालमध्ये साधं आयुष्य जगायचं असेल तर आधी नऊ आकडी करक्रमांक काढावा लागतो. मग त्या क्रमांकावर बँकेत खातं. मग दरमहा ठरावीक उत्पन्न असल्याचा पुरावा, २०२५ साली महिना ८७० युरो आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणखी. मग व्हिसा. भारतातून पैसे न्यायचे तर वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा. एवढं सगळं केलं की माणूस कोंबड्या पाळायला मोकळा.

माझ्या नवऱ्याला कोंबड्या पाळायच्या होत्या. ठाण्याच्या बाल्कनीत त्याच्या हातून तुळससुद्धा जगलेली नाही. पण रिटायर झाल्यावर त्याला व्हिडिओंचा नाद लागला. त्यात इंग्लंड-हॉलंडहून आलेली गोरी जोडपी पोर्तुगालच्या डोंगरात पडकी दगडी घरं विकत घेतात, लाकूड फोडतात, आणि फोडून झालं की कॅमेऱ्याकडे बघून हसतात. जमीन आमची कोकणातही आहे, गुहागरकडे. पण सातबाऱ्यावर नावांची एवढी गर्दी की मोजणीचा अर्ज केला की कुणीतरी चुलता रुसतोच. "मला भाऊबंदकीचा वीट आलाय," नवरा म्हणाला. "जिथे आपल्याला कुत्रं ओळखत नाही तिथे दोन हेक्टर घेऊ आणि गप्प पडून राहू."

माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यातली काही वर्षं गोव्यात, म्हापशाला. जन्मभर लोकांच्या जमिनींचे कागद वाचले. आता सूर्यास्त पाहिला तरी त्यावर बोजा आहे का, हे आधी मनात येतं. लेक लिस्बनला नोकरी करते, दुभाषी फुकट मिळणार होती, म्हणून मी नोव्हेंबरात निघाले. लेक नाखूश होती. "आई, तू तिथे फाइल मागू नकोस हं," असं तिने विमानतळावरच बजावलं.

लिस्बनहून फुंदाऊंला जाणारी गाडी बराच वेळ तेजो नदीच्या काठाकाठाने जाते. नदी सुंदर आहे. फुंदाऊं चेरींसाठी प्रसिद्ध आहे. नोव्हेंबरात चेरी नसतात. वाट वाकडी करून मोन्सांतोही पाहिलं. १९३८ साली 'सर्वांत पोर्तुगीज गाव' म्हणून ते निवडलं गेलं होतं. प्रचंड शिळांखाली लोकांनी घरं बांधली आहेत. नवरा म्हणाला, "छपराचा खर्च वाचला." पर्यटन संपलं.

आम्ही बघायला आलो होतो ते घर एका वाडीत होतं. फोटोत दिसलेलं सगळं जागेवर होतं: ऑलिव्हची झाडं, ग्रॅनाइटच्या भिंती, विहीर, दरी. घराच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती, हे फोटोत कळत नाही. दलाल तरुण आणि उत्साही. प्रत्येक वाक्य 'प्रॉब्लेम नाही'वर संपवायचा. मी फाइल मागितली. लेकीने डोळे मिटले.

तिथल्या सातबाऱ्याला कादेर्नेता म्हणतात आणि तो करखात्याकडून मिळतो. जमिनीची मालकी कुणाची हे मात्र नोंदणी कार्यालय सांगतं, आणि या दोघांचं एकमत असेलच असं नाही. हे वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं. दोन हेक्टर म्हणजे सात वेगवेगळे तुकडे निघाले. विहीर सातातल्या एकातही नव्हती. घर तर कागदावर घरच नव्हतं. शेतजमिनीतली गवताची कोठी अशी नोंद होती.

"१९५१ च्या आधीचं बांधकाम आहे," दलाल म्हणाला, "त्याला वापराचा परवाना लागत नाही. प्रॉब्लेम नाही."

"१९५१ च्या आधी इथे कोण राहत होतं?"

दलालाने म्हातारीला विचारलं. म्हातारीने बराच विचार करून सांगितलं, "गाढव."

ही म्हातारी विकणारी. तिने आमच्यासाठी जेवण केलं होतं आणि त्या निमित्ताने बाकीच्या हिस्सेदारांनाही बोलावलं होतं. दलालाला ही बातमी तेव्हाच कळली. जमीन तिच्या सासऱ्याची, सासरा जाऊन जमाना झाला आणि वाटण्या कधी झाल्याच नाहीत. एक पुतण्या फ्रान्समधल्या लिओंहून आला होता, बायकोसकट, नव्याकोऱ्या गाडीतून. गणपतीला आलेला चाकरमानी दारात गाडी लावून जसा उगाच बॉनेटला टेकून उभा राहतो तसा तो उभा होता. एक नणंद शेजारच्याच घरातली. ती जेवायला आली ती काठी घेऊन.

सूप आलं. मी शाकाहारी असल्याचं लेकीने सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माझ्या सूपमध्ये सॉसेजचा एकच तुकडा होता. तो बाजूला काढेपर्यंत अंजिराच्या झाडावरून सुरुवात झाली. अंजिराचं झाड बांधावर आहे की बांधाच्या आत? मला पोर्तुगीजचं एक अक्षर येत नाही आणि मला सगळं समजत होतं. नणंद काठीने जमिनीवर रेघ ओढते: बांध इथे होता. पुतण्या दोन्ही तळवे वर करतो: माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. पुतण्याची बायको नवऱ्याच्या बाहीला धरते: तुम्ही बोलू नका. "आई, काय म्हणताहेत ते सांगू का?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, "नको, कळतंय."

याच वेळी नवऱ्याने दलालाला विचारलं की सोलर पॅनेल कुठल्या दिशेला लावावेत.

आता मला राहवेना. टेबलावर कागदाचं टेबलक्लॉथ होतं. मी पेन काढून त्यावर वंशावळ मांडायला घेतली. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा होता. पोर्तुगालने स्वतः १९६७ मध्ये नवा आणला. गोव्याने जुन्यातलं बरंच काही जपून ठेवलं. त्यामुळे विधवेचा अर्धा वाटा, मुलांना डावलता न येणं, विकताना नवरा-बायको दोघांच्या सह्या, हे म्हापशात मी इतक्यांदा तपासलं होतं की हात आपोआप चालत होता. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतलं ते एकाही हिस्सेदाराची सही न घेता. मी मात्र रीतसर विचारत होते. सासऱ्याला मुलं किती?

चार, नणंद म्हणाली.

म्हातारीचा नवरा, लिओंवाल्याचा बाप, नणंद स्वतः. हे तीन. "चौथं?"

टेबल शांत झालं. पुतण्या पाव कुस्करू लागला. चौथा भाऊ तरुणपणी ब्राझीलला गेला होता. काही वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. लग्न झालं होतं का? झालं असावं. मुलं? असतील. हे ऐकल्यावर दलालाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ओळखीची होती. कर्जाचं प्रकरण परत पाठवलं की बिल्डर असेच बघायचे. सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय खरेदीखत होत नाही. वर नणंद शेजारची शेतमालकीण. लहान शेतजमीन विकायची तर तिला आधी विचारायला हवं; न विचारता विकली तर कळल्यापासून सहा महिन्यांत कोर्टात जाऊन त्याच किमतीला ती स्वतःकडे ओढू शकते. हे लेकीने भाषांतर करून सांगताच नणंदेने माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.

नवरा उठून कोंबड्या बघायला गेला.

खरं तर मला राग त्या व्हिडिओवाल्यांचा येत होता. सकाळी फुंदाऊंच्या कॅफेत त्यातले दोघे भेटले होते. त्यांच्या साधेपणात बॅटऱ्यांची खोली होती, जनरेटर होता, छपरावर उपग्रहाची तबकडी होती, आणि हे सगळं विकलेल्या जुन्या घराच्या पैशातून आलेलं. ज्या साधेपणासाठी हे येतात त्याच साधेपणापासून इथली माणसं १९६० च्या दशकात पळाली. लाखो गेले फ्रान्सला, कितीतरी जण कागदपत्रांशिवाय, स्पेन ओलांडून डोंगरवाटांनी चालत. पोरांना हुकूमशहा सालाझारच्या आफ्रिकेतल्या लढाईवरही जायचं नव्हतं. त्या वाटेने गेलेल्यांपैकी एकाचा मुलगा समोर पाव कुस्करत बसला होता.

जेवण झाल्यावर म्हातारीने माझा हात धरला आणि घरामागे नेलं. तिथे बुचाच्या ओकचं झाड होतं. त्याच्या खोडावर पांढऱ्या रंगात ७ हा आकडा. साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात; पुढची साल निदान नऊ वर्षांनी. आकडा तिच्या नवऱ्याने रंगवलेला, २०१७ चा. त्याच वर्षी जूनमध्ये पेद्रोगाऊं ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसं गेली. पुढे आग या डोंगरावरही उतरली आणि दोघं रात्रभर पाण्याचा पाइप धरून उभे राहिले. आता घराभोवती पन्नास मीटर झाडोरा साफ ठेवायचा कायदा आहे, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. म्हणून विकायचं. पुढची साल २०२६ मध्ये, ती म्हणाली, आणि बोटांवर स्वतःचं वय मोजून हसली. लेक भाषांतर करता करता मधेच थांबली. मला काही सुचेना, मी म्हटलं, हिला सांग, चौथ्या भावाची पत्रं शोधून ठेव, पाकिटांसकट.

निघताना पुतण्याने टेबलक्लॉथ घडी घालून गाडीत ठेवलं.

व्यवहार अर्थातच झाला नाही. पण लिओंहून मला नियमित मेसेज येतात. पाकिटावरच्या पत्त्यावरून सांतुश शहरात ब्राझीलवाल्याच्या दोन नाती सापडल्या आहेत, त्यातल्या एकीचा घटस्फोट चालू आहे आणि तिच्या नवऱ्याची सही लागेल का, हे सगळ्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं आहे. मी त्यांना वकिलाकडे जायला सांगते आणि मग दोन पानं लिहून पाठवते.

नवरा आता जपानी घरं बघतो. तिथे रिकामी घरं ९० लाख आहेत, खेड्यात तर मातीमोल जातात, शांतता म्हणजे काय ते तिथेच, असं त्याचं म्हणणं. मी सहज वाचलं. वारसांनी घरं-जमिनी नावावर करून न घेतल्यामुळे मालकच सापडेनात, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून जपानने वारसनोंद सक्तीची केली आहे. तीन वर्षांत केली नाही तर दंड.

"कधी जायचं?" मी विचारलं.